साखळी ताणली त्या दिवशी

मंगळवार, आग विझल्याचा दुसरा दिवस

माझ्या ठमाबाई,

तुला आणि तुझ्या बाळीला या म्हातारीचे पोटभर आशीर्वाद. निरोप्या म्हणाला मुलगी झाली, तशी मी राखेतच एक गिरकी घेतली! शेजारीण ओरडली, "अगं म्हातारे, कंबर मोडेल!" म्हटलं, "मोडू दे, पणजी झालेय मी!" जावळ दाट आहे का गं? नाक तेवढं आमच्याकडचं नको.

इथं निम्मं बंदर जळालं. सासूबाई सांगायच्या, आधी इथं नुसती मिठागरं होती, मग गलबतं आली, मग लुटारू, मग तट बांधला. हे जळणं तिसरं. हल्ल्याच्या सकाळी छोट्या होड्यांतून शिरलेल्या लुटारूंनीच एवढं केलं. दोरवाल्याचं मुंडकं त्याच्याच ओट्यावर होतं. मागून मोठी गलबतं होती, ती आली असती तर पत्र लिहायला कोणी उरलं नसतं. बंदराच्या तोंडावरच्या साखळीनं वाचवलं, आणि तुझ्या बापानं.

गलबतांना बंदरात आणणाऱ्या वाटाड्याची, तुझ्या बापाची, शीळ तुला ठाऊकच आहे. एक लांब म्हणजे साखळी सोडा, गलबत आत येऊ द्या; दोनदा तुटक म्हणजे ताणा, वाट बंद. त्याला धरून पहिल्या गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेला, बांधलं होतं, गळ्यावर सुरा. त्यानं दोनदा तुटक घातली. आम्ही साखळीचा रहाट फिरवला. गलबत साखळीवर आदळून उभं चिरलं, मागची दोन त्याच्यावर चढली. पाण्यातून वर आलेल्यांना आमच्यांनी वल्ह्यांनी ठेचलं. तुझा बाप त्या नाळेसकट गेला. सगळं गाव त्याचं नाव घेतंय.

बाळीला वारा लागू देऊ नकोस हं. तू पण गरम गरम खा. बघ, पान भरलं तरी हात तिथंच अडतोय.

शीळ एकच होती गं. लांब. लेकाची शीळ मला कळत नाही होय? रहाटावरचा लोहार म्हणाला, "मावशी, तुमचा मुलगा आहे, सोडतो." मी म्हटलं, "ताण." लोहार रडत होता, मी नाही. तुझ्या बापानं वर माझ्याकडे पाहिलं, पुन्हा ओठ जुळवले. पुढं नुसता लाकडं फुटल्याचा आवाज.

गावाला ते दोनदा तुटक मीच सांगितलं. लोहार बोलायचा नाही. पण तू लेकराला माझ्या मांडीवर देणार, म्हणून तुला खरं. आलीस तर दार उघडंच आहे. नाही आलीस तर शिव्या दे, पोटभर दे.

तुझ्या बापाची आई