मोनिकाचं इंग्लिश माझ्याकडे

३ जानेवारी, सकाळी ९
दूध संकलन आटोपलं. निर्णय पक्का. मोनिकाच्या दहावीचं इंग्लिश मी स्वतः घेणार. सहामाहीत शंभरात एक्केचाळीस पडलेत. तिला सायन्स घेऊन नगरला शिकायचंय. इंग्लिशमध्ये अडकली तर तिचे हात पिवळे करायला पाहुणे टपलेलेच आहेत, असं माझी बायको सविता म्हणाली. तिचं मत, रेश्मा मॅडमच्या क्लासला घालू. मी साफ सांगितलं, बी.कॉम. झालेला बाप घरात असताना पोर दुसऱ्याच्या दारात कशाला? वीस वर्षं डेअरीचा सेक्रेटरी आहे. फॅट, सॅम्पल, कॅन, डिग्री. दिवसभर इंग्लिशच बोलतो. सविता उठून चहा ठेवायला गेली. म्हणजे पटलं.

५ जानेवारी
मोनिकाची गाडी सिंपल पास्ट आणि प्रेझेंट परफेक्टमध्ये अडते. दोन दिवसांचं काम. पारनेरहून व्याकरणाचं पुस्तक आणलं. कव्हर घातलं. नाव टाकलं. आज एवढंच.

११ जानेवारी, संध्याकाळी
पुस्तकवाल्याने उगाच पानं वाढवलीत. मी केंद्रावरच्या उदाहरणाने दहा मिनिटांत समजावलं. बन्सीतात्यांनी दूध घातलं, पावती घेतली, घरी गेले. विषय संपला. सिंपल पास्ट. बन्सीतात्यांनी दूध घातलंय आणि अजून काट्यापाशी तंबाखू मळत उभे आहेत. प्रेझेंट परफेक्ट. मोनिकाने वहीत लिहून घेतलं. मला स्वतःलाही बरंच समजलं.

१४ जानेवारी
संक्रांत. सुट्टी.

१५ जानेवारी
संक्रांतीची कर. सुट्टी.

१९ जानेवारी
फळ्यावर वाक्य लिहिलं, ‘आय हॅव टेस्टेड द मिल्क यस्टरडे.’ मोनिका हळूच म्हणाली, यस्टरडे आलं की हॅव चालत नाही पप्पा, नुसतं टेस्टेड. मी शाबासकी दिली. मुद्दाम चुकलो होतो, पकडते का ते पाहायला. माझी पद्धत लागू पडतेय.

२२ जानेवारी
वेगळीच कटकट. आमच्या म्हशीचं सकाळचं दूध लिटरभर कमी भरतंय. पाचाचं चार. पंधरा दिवस झाले. सविता म्हणाली, थंडी आहे. मी सॅम्पल लावलं. फॅट बरोबर, पाण्याचा थेंब नाही. दोष पेंडीत असणार. उद्याच बदलतो. या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही. गावाला विचारा.

२६ जानेवारी
झेंडावंदन. धडा राहिला. काल का राहिला ते आठवत नाही.

३० जानेवारी
आजचं वाक्य, ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर सिन्स ट्वेंटी इयर्स.’ मोनिकाने सिन्स काढून फॉर घातलं. पुन्हा मुद्दाम चुकलो होतो. पोर आता माझी प्रत्येक मुद्दाम चूक पकडते.
ती सकाळी सहालाच मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते, असं सविताकडून कळलं. त्या वेळी मी केंद्रावर असतो. ठीक आहे. इंग्लिश माझ्याकडे, बाकीचं मैत्रिणीकडे.

७ फेब्रुवारी
सराव परीक्षा. इंग्लिश बहात्तर! केंद्रावर रांगेत सगळ्यांना सांगितलं. बन्सीतात्या म्हणाले, “सेक्रेटरी, तुमी आता क्लासच काढा.” म्हणताना ते सविताकडे बघत होते. ती कॅन घेऊन आली होती, खाली बघत राहिली. रांग हसली. कौतुकच ते.

१२ फेब्रुवारी
दूरदृष्टी हवी. फ्लेक्स छापणाऱ्या रविराजला आत्ताच डिझाईन सांगून ठेवलं. मधोमध मोनिका. वर मी, हातात पुस्तक. खाली ‘वडील व मार्गदर्शक’. मार्कांची जागा तेवढी रिकामी. रविराजने दोनदा विचारलं, ‘मार्गदर्शक’ नक्की टाकायचं का. मी म्हणालो, ठळक टाक.

१ मार्च
इंग्लिशचा पेपर. सोपा गेला म्हणाली. बन्सीतात्यांचं उदाहरण उपयोगी पडलं का विचारलं. पडलं म्हणाली. मला भरून आलं.

४ मार्च
म्हशीचं दूध पुन्हा पाच लिटर. पेंड लागू पडली. उशिरा, पण पडली. केंद्रावर सगळ्यांना तीच पेंड घ्यायला सांगितली. बन्सीतात्यांनी घेतलीसुद्धा.

१३ मे, दुपारी २
निकाल. इंग्लिश शहाऐंशी. गावभर पेढे वाटले. रविराजला फोन केला, छाप.

१४ मे, सकाळी ९
फ्लेक्स लावायला वेशीवर गेलो. तिथे आधीच एक फ्लेक्स. रेश्मा मॅडमचा क्लास, यशस्वी विद्यार्थिनी, पहाटेची बॅच. बारा पोरी. दुसऱ्या ओळीत पहिली मोनिका. इंग्लिश ८६.
मी रविराजकडे पाहिलं. तो म्हणाला, “काका, दोनी माझ्याकडंच छापलेत. मला वाटलं, तुमाला ठावं हाय.”
माझा गुंडाळला. घरी आणला.

१४ मे, संध्याकाळी
सविताने सगळं सांगितलं. मोनिका जानेवारीपासून क्लासला होती. मॅडमनी फी घेतली नाही, त्यांच्याकडे दुभतं नाही म्हणून पेपर होईपर्यंत रोज लिटरभर दूध जात होतं. रांगेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, “तुमी न्हाई म्हनला असता. पोरीचं वरीस गेलं असतं.”
खरं आहे. म्हणालो असतो. वाईट वाटलं, फार वाटलं.
मोनिकाला विचारलं, मग संध्याकाळी माझ्यापुढे कशाला बसायचीस? ती म्हणाली, “सकाळचं तुम्हाला समजावलं की माझं पक्कं व्हायचं, पप्पा.”
मग नगरच्या कॉलेजचा फॉर्म पुढे केला. पालकांची सही. मराठीत केली.

१५ मे, सकाळी ९
नीट विचार केला. म्हणजे उजळणी माझ्याकडेच झाली. तेवढं श्रेय घेता येईल.
फ्लेक्स सविताने वैरणीवर झाकायला टाकला. माझा फोटो खालच्या बाजूला घालून.
केंद्रावर बन्सीतात्या आले. चेहरा अगदी साधा ठेवून म्हणाले, “सेक्रेटरी, ती पेंड दोन महिनं घातली. माझ्या म्हशीचं दूध काय वाढंना.”
रांगेतले सगळे माझ्याकडे बघत होते.
मी पावती फाडून त्यांच्या हातात दिली. म्हणालो, पेंडीचं राहू द्या तात्या, आधी घरी काकूंना विचारा.