सूचक सर्जेराव, अनुमोदक पारूबाई

१२ जून, सकाळी १०
ऐतिहासिक दिवस. शिवानी दोन दिवस मावशीकडे आंबवड्याला गेली आहे. बारावी पास झाली म्हणून तिच्या मामानं दिलेला लॅपटॉप घरात नुसता पडून. त्यातलं विंडोज काढून बीएसडी टाकणार. बीएसडी म्हणजे जगभरच्या माणसांनी फुकट लिहिलेली, कुणा एका मालकाची नसलेली सिस्टीम. लिनक्स आता शेंबडं पोरही वापरतं. विंझरमध्ये बीएसडीवाला मी एकटा. बहुधा अख्ख्या वेल्हे तालुक्यात. भोर धरलं तरीही.

दुपारी १२.४०
झालं. 'पूर्ण डिस्क वापरू का?' असं नम्रपणे विचारतं. विंडोजनं मला कधी काही विचारलं? हो म्हटलं.

१४ जून
शिवानी आली. जरा नाराज. इंजिनीअरिंगच्या फॉर्मची कागदपत्रं त्यातच होती म्हणे. मार्कलिस्ट घरात आहे, पण उत्पन्नाचा दाखला फक्त लॅपटॉपवर. या पिढीला बॅकअपची शिस्तच नाही.

पुसलेल्या फाइली परत आणणारं एक टूल असतं. ते डाउनलोड करायला नेट लागतं आणि नव्या सिस्टीमवर वाय-फाय अजून चालत नाही. मोबाईलची केबल जोडली तर नुसतं चार्जिंग होतं, मोबाईलचं सॉकेट सैल आहे. नसरापूरला माझं दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हा ते मीच बसवलं होतं.

पहिल्या फेरीच्या फॉर्मची शेवटची तारीख २६. तिला पुण्यात कॉम्प्युटरलाच जायचं आहे. माझ्यावर गेली आहे. नवा दाखला काढायला वेल्ह्याला जाते म्हणाली, मी थांबवलं. कशाला एसटीचे हेलपाटे? वीस तारखेपर्यंत वाय-फाय चालू करतो, शब्द दिला. माझी बायको सारिका उठून भाकऱ्या थापायला गेली. तिचा माझ्यावर विश्वास आहे.

१७ जून
ड्रायव्हर म्हणजे वाय-फायचं कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, त्याच्या यादीत आपल्या कार्डाचा नंबरच नाही. म्हणून चालत नाही. एवढं साधं. मी घातला. एकूण चार ओळी, त्यातल्या दोन माझ्या नावाच्या. आता सगळं नव्यानं कंपाइल, म्हणजे लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणं. नऊ तास लागतात. सहाव्या तासाला लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी अर्धा तास टिकते.

१९ जून
कंपाइल झालं. चालू केल्यावर पांढऱ्या अक्षरांत 'पॅनिक' असं येऊन मशीन बंद पडलं. सारिकानं विचारलं, हे काय? म्हटलं, चांगलं लक्षण आहे. आधी कार्डाची दखलच घेत नव्हतं, आता घाबरतं तरी.

२० जून
वाय-फाय नाही. पण त्याहून मोठं पाऊल. चार ओळी मोबाईलवरून बीएसडीच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे ती लिहिणाऱ्यांच्या ईमेलच्या गटावर, पाठवल्या. तिथली जाणकार मंडळी उरलेलं किरकोळ बघतील आणि मला कमिटर करतील. म्हणजे थेट आत लिहिण्याचा अधिकार.

त्यांचा नियम: बदलाखाली तो कुणी तपासला आणि कुणी मंजूर केला, ही नावं हवीत. वाचून बरं वाटलं. ही आपली ग्रामसभाच. सूचक, अनुमोदक. निवृत्त ग्रामसेवक सर्जेरावकाकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून चारही ओळी वाचल्या, रस्त्यात कुणाची जमीन जात नाही ना एवढंच विचारलं आणि तपासणाऱ्यात नाव घालायला सांगितलं. मंजुरीला पंचायतीच्या सदस्य पारूबाई. त्या भात लावणीच्या तयारीत होत्या. "पोरीचं काम व्हतंय न्हवं? मंग लिव माजं नाव," म्हणाल्या. असा बिनविरोध ठराव त्या लिस्टनं पाहिला नसेल.

२३ जून
उत्तर नाही. ग्रामसभेत कुणी हात वर केला नाही की ठराव मंजूर. तीन दिवस कुणी हात वर केलेला नाही.

२४ जून
शिवानी मला न विचारता वेल्ह्याला जाऊन दाखल्याचा अर्ज करून आली. आठ दिवस लागतील. तेवढा धीर धरवला नाही तिला.

२५ जून
उत्तर आलं. सर्जेराव आणि पारूबाई कोण, त्यांनी कुठल्या मशीनवर चाचणी केली, असं विचारलंय. म्हणजे रस घेतला. एकोणीस गावकऱ्यांकडून मोबाईलवरून लिस्टला पाठिंब्याची पत्रं पाठवली. मसुदा मीच दिला होता. त्यातल्या ठकुबाईंनी स्वतःहून फोटोही जोडला.

२६ जून, संध्याकाळी ५.१०
लिस्टवाल्यांनी माझ्यासाठी वेगळी व्यवस्था केली. यापुढे माझं प्रत्येक पत्र आधी एक वरिष्ठ माणूस वाचणार, मगच पुढं जाणार. नवख्याला एवढा मान.

पाच वाजता फॉर्म बंद झाला. शिवानी ओट्यावर बसून आहे. मी तिला वरिष्ठ माणसाचं सांगितलं.

३ जुलै
दाखला आला.

९ जुलै
लावणी सुरू. सारिका आणि शिवानी खाचरात. मीही जाणार होतो, पण कंपाइल लावलेलं. मध्येच कुणी बटण दाबलं तर? संध्याकाळी सारिका चिखलाच्या पायांनी दारात उभी राहिली. "तुमी निस्तं सांगितलं आस्तं ना, न्हाई जमत म्हून," म्हणाली. "पोरगी त्याच दिवशी ग्येली आस्ती."

जमत नाही असं नव्हतंच. हे तिला समजावलं असतं, पण ती पाय धुवायला गेली.

१८ जुलै
वरिष्ठ माणसाचं पत्र. फार सभ्य माणूस. लिहितो, हे कार्ड दोन वर्षांपूर्वीच्या आवृत्तीपासून चालतं. तुम्ही त्याच्याही आधीची जुनी आवृत्ती टाकलेली दिसते, नवी उतरवून घ्या.

मी टाकली ती नसरापूरच्या दुकानातल्या जुन्या पेनड्राइव्हवरून. तारीख मी पाहिली नव्हती.

नवी उतरवायला नेट हवं. कॅफेत जाऊन आणणार. उद्या.

२१ जुलै
दाखला आल्यावर शिवानीनं दुसऱ्या फेरीचा फॉर्म भरला होता, तिला जागा मिळाली. सोलापूर, सिव्हिल. पुणे आणि कॉम्प्युटर दोन्ही पहिल्याच फेरीत भरलं होतं. सिव्हिललाही स्कोप आहे, मी म्हटलं.

२ ऑगस्ट
शिवानीला सोडायला नसरापूर फाट्यावर गेलो. बॅग उचलायला गेलो तर हलकी लागली. लॅपटॉप कुठाय, विचारलं.

"राहू द्या पप्पा, तुमालाच. मला तितं लॅबमदी बसू देत्यात."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. एखाद्याला खाऊ ठेवून जावं तसं बोलली. मी नको म्हणायला हवं होतं, पण घेऊन जा म्हणण्याजोगं त्यात काही चालत नव्हतं. एसटी आली. तिनं खिडकीतून आईला हात केला, मग मलाही केला.

गाडी वळली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, की चला, आता वाय-फायची घाई नाही.

हा विचार मी कुणाला सांगितलेला नाही.