चाळीस लिटरचा डबा

११ नोव्हेंबर

शिरपूरचे मास्तर आज पुन्हा. ही तिसरी चक्कर. नव्या गाडीत मागं वूफर बसवायचं नक्की, पण डबा कोणता, पोर्टवाला का बंद, तेच ठरत नाही. आमचे उस्ताद सुरू झाले. (नवऱ्याले अख्खं मालेगाव उस्ताद म्हणते, तर मी वहीत काहून मागं राहू.) "सर, पोर्टवाल्याले तोंड असते. आतली हवा पाईपातून भायेर येते अन् छातीत लागते. बंद डबा म्हणजे तोंडावर उशी दाबून गाणं." मास्तर म्हणे, "मले तबला साफ ऐकू आला म्हणजे झालं. छातीचं काय करू?" उस्तादचं तोंड पाहण्यासारखं झालं. मी डब्याले गालिचा चिकटवता चिकटवता हसून घेतलं.

ठरलं काहीच नाही. परवा येतो म्हणून गेले.

१२ नोव्हेंबर

भाऊबीजेचं ताट आज धुतलं. इतके दिवस तसंच होतं फडताळात. कोणी पुसलं तर म्हणत होती, राहून गेलं. राहून कशाचं जाते. गजू आलाच नाही.

गजू माह्या पाठचा. किन्हीराजाले राहते, आधी ट्रॅक्टर चालवत होता, आता स्वतःची गाडी, लग्नाचे नवरदेव आणते-नेते. मागच्या लग्नसराईत उस्तादनं त्याले पोर्टवाला डबा करून देला. वूफर जळला. नवीन टाकला, तोही जळला. दुसऱ्या वेळी दुकानात गिऱ्हाइकं उभे, अन् उस्ताद बोलले, "डबा बरोबर आहे. तुलेच वाजवता येत नाही. ट्रॅक्टरवाल्याच्या हाती वूफर देला, चूक माही." गजूचे कान लाल. डबा डिक्कीतून उपसला, दुकानासमोर ठेवला, गेला. अन् मी काय केलं? उस्तादचंच खरं मानलं. फोनवर गजूले म्हटलं, जरा आवाज कमी ठेवत जा ना रे बाबा. तोच शेवटचा फोन.

१३ नोव्हेंबर

 

उस्ताद सकाळीच वाशिमले प्लाय आणाले गेले. मास्तर आले, म्हणे बसतो. पोर्टवाला का बंद ते मंग ठरो, खोका तर दोन्हीले लागते, म्हणून मी त्यायच्या डब्याचं माप घेऊन राह्यली होती. सरळ डब्याचं माप टेपनं निघते. पण मागच्या सीटले टेकणारा तिरका डबा टेपचं ऐकत नाही, म्हणून आमी त्यात ज्वारी भरतो. एक लिटरचं माप, रुंद तोंडाचं. जितके मापं तितके लिटर. मी आकडा सांगते, उस्ताद त्यावरून पाईप कापतात. चार वर्षं झाली, हे काम माहंच.

मास्तर पाहत होते. म्हणे, "ताई, मापावर शीग काहून लावता? काठाच्या वर ढीग कशाले?"

मी म्हटलं, "मंग काय सपाट देऊ? आमच्या घरी सपाट माप देत नाहीत. सपाट माप म्हणजे हात आखडता." मायनंच शिकवलं तसं. कामावरच्या बाया असो, शेजारीण असो, दारात आलेला असो, मायनं कोणाले सपाट माप देल्लं नाही.

मास्तर हसले नाहीत. शीग लावलेली दहा मापं त्यायनं घमेल्यात काढाले लावली, अन् तीच ज्वारी पट्टीनं सपाट करत परत मोजली. दहाचे बारा भरले.

"म्हणजे तुमी चाळीस म्हणता तेव्हा डबा अठ्ठेचाळीसचा असते," मास्तर म्हणे. साधंच बोलले, वर्गात बोलतात तसं. गजूच्या डब्याचं मापही मी चाळीसच सांगतलं होतं.

१४ नोव्हेंबर

गजूचा डबा माळ्यावर, जुन्या गालिच्याखाली. उस्ताद जेवाले घरी गेले तशी मी खाली काढला. बुडाशी उस्तादच्या हातचे पेन्सिलीनं ४०. आत प्लास्टिक अंथरलं, ज्वारी ओतली, या वेळी पट्टी घेऊन. चाळीस झाले, डबा भरला नाही. पंचेचाळीस. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नासव्याले भरला.

अठ्ठेचाळीसच व्हाले पाह्यजे होते. हे एक जास्तीचं कुठून आलं तेही मले माहीत आहे. भावाचा डबा म्हणून मी शीग अजून चढवली होती. दाणे मापावरून घरंगळत होते अन् मी हसत होती, चांगलं आठवते.

पाईप चाळीसचा अन् डबा एकोणपन्नासचा. मागून हवेचा आधार नसला म्हणजे स्पीकरचा पडदा मोकाट उड्या मारते अन् कॉइल जळते. हे मले उस्तादनंच शिकवलं. गजूले वाजवता येत होतं. सारं बरोबर करत होता तो.

१५ नोव्हेंबर

सांगतलं नाही. दोनदा तोंड उघडलं. एकदा गिऱ्हाईक आलं, एकदा माहाच धीर सुटला. भाजीत मीठ दोनदा पडलं, उस्ताद मुकाट्यानं जेवले.

मास्तरचा फोन. बंदच डबा करा म्हणे, त्यात माप थोडं इकडं तिकडं झालं तरी चालते. खरं आहे. आमचा बंद डबा एकही कधी परत आला नाही. पोर्टवाल्याले मात्र नेमकंच लागते.

एक समजत नाही. गजूच्या आधी एखाद-दुसरा पोर्टवाला परत यायचा, त्याच्या नंतर एकही आला नाही. माप तर मीच घेतलं. शीग लावूनच.

१६ नोव्हेंबर

दुकान उघडताच सांगून टाकलं. शीग, मास्तर, एकोणपन्नास, सारं. वाटलं, आता हातातलं फेकून मारतात का काय.

उस्तादनं करवत खाली ठेवली. म्हणे, "मले माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"शिगेचं. गजू डबा ठेवून गेला ना, त्याच आठवड्यात मोजला मी. तेव्हापासून तू सांगते त्यात पाचवा हिस्सा वाढवून धरतो, मंग पाईप कापतो."

मी तठीच भुशात बसली. आठ महिने. आठ महिने माह्या बाजूले उभे राहून हा माणूस मनातल्या मनात पाचवा हिस्सा वाढवत होता.

"मंग गजूले काहून नाही सांगतलं?"

"काय सांगू? तुह्या बहिणीच्या हातानं तुहा वूफर जळला म्हणून? त्याले असं सांगतलं असतं तर तुले कसं वाटलं असतं?"

पुढं काय बोलली ते आठवत नाही. शेजारचा पंक्चरवाला डोकावून गेला, म्हणजे जोरात बोलली असीन.

१७ नोव्हेंबर

अबोला. पोळ्या केल्या, जेवणाचा डबा देला, तोंड नाही पाह्यलं.

माहं नाव राखाले माहा भाऊ तोडला. अन् माहंच नाव राखलं का? का लोकांपुढं बोललेला शब्द गिळावा लागला असता म्हणून? सायंकाळी न राहवून विचारलंच. म्हणे, "दोन्ही."

खरं बोलले. त्याचाच जास्त राग आला.

१९ नोव्हेंबर

गजूच्या डब्यात आतून लाकडाचे ठोकळे बसवले. माप मीच घेतलं, पट्टी लावून. सपाट करताना हात अडते अजून, कोणाचं तरी काढून घेतल्यावाणी वाटते. बरोबर चाळीस.

उस्ताद म्हणे, "बंदच करून टाकू. परत जळाची भानगड नको." मी म्हटलं, भेव तुमाले वाटते अन् उशीतून गाणं त्यानं ऐकायचं काय? त्याचं काम वरातीचं. मंग पाईपाच्या तोंडावर बसणारं प्लायचं झाकण कापलं, चार स्क्रूचं. लावलं तर बंद डबा, काढलं तर पोर्टवाला. त्याचं तो ठरवीन.

उस्तादनं नवा वूफर बसवला. स्क्रू पिळता पिळता, वर न पाहता म्हणे, "सुनंदे, माप चुकलं म्हणून सांग. पाह्यजे तर माह्यावर ढकल. पण मले आधीच कळलं होतं, हे नको सांगू. माहं तेवढं राख."

मी हो म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही.

२० नोव्हेंबर, किन्हीराजा

वही पिशवीत आणली. डबा एसटीत मागच्या सीटवर. कंडक्टर म्हणे ह्यात काय आहे बाई, म्हटलं भाऊबीज.

गजू अंगणात गाडी धूत होता. मले पाह्यलं अन् तसाच उभा, नळी हातात, पाणी पायावर. "ताई, काहून आली? बरं आहे ना सारं?"

उभ्या उभ्याच सांगतलं. माहा हात, माही शीग. भावाचा डबा म्हणून जास्त लावली रे. तुह्यात काही चूक नव्हती गजू, अन् मी तुलेच आवाज कमी कर म्हटलं. रडू आलं, रडली.

त्यानं नळी खाली टाकली. मंग हसत सुटला, डोळ्यात पाणी येईतो. "मायचा हात आहे ताई तुह्या अंगात." त्याच्या बायकोनं पाट मांडला, मी ओवाळलं. तिथी जाऊ दे.

डबा बसवला. झाकणाचे चारही स्क्रू त्यानं पहिले काढले, विचारलं सुद्धा नाही. गाणं लावलं तर गोठ्याचे टिनं थरथरले, कोंबड्या भिताडावर. अर्धा तास वाजवला. जळला नाही. पडद्यावर हात ठेवून बसला होता, लेकराच्या पोटावर ठेवतात तसा.

मंग आवाज बंद केला अन् म्हणे, "ताई, भाऊजीले कधी कळलं?"

मी म्हटलं, जेवू तर दे आधी. तो म्हणे, "जेव. मालेगावले मीच सोडतो. वाटेनं सांग."

जेवण झालं. गजू आंघोळ करून राह्यला, मी ओसरीत बसून लिहून राह्यली. आंघोळीचं पाणी आत्ताच थांबलं.