पोटावरची पिशवी आणि चेपलेला मणका

तीर्थरूप कोतोए ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी पाठ सध्या डॉक्टरांच्या ताब्यात आहे, तेव्हा सात अंगांवर भागवून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींची साखर? इकडे कांद्याची रोपं वाफ्यात बोटभर आली आहेत, हवा गार पडली आहे आणि माझी तब्येत ठणठणीत आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण पूल ओलांडून तुमच्या कोबेपर्यंत बातमी पोचली असेल की मासुए गाता गाता मोडली. साफ खोटं! मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावरचा दगड उचलताना मी मोडले. आणि मोडले म्हणजे तरी काय, एक मणका चेपला. पण आपल्या गावाला दगडापेक्षा गाण्याला नावं ठेवायला जास्त आवडतं, त्याला मी काय करू?

डॉक्टर नागाता म्हणजे काल मिसरूड फुटलेला मुलगा. टेबलाशेजारी प्लॅस्टिकचा पाठीचा कणा टांगून ठेवलाय. पेन्सिलीनं मोजून दाखवले: मानेचे सात, पाठीचे बारा, कमरेचे पाच, मधेमधे गाद्या. माझा कमरेतला पहिला पुढून बसलाय. मग मी गाते म्हटल्यावर त्याला श्वास शिकवायची हुक्की आली. म्हणे, आजी, फुप्फुसं स्वतःहून काही हलत नाहीत. त्यांच्या खाली घुमटासारखा एक पडदा असतो, तो खाली सरकतो, बरगड्या उचलल्या जातात, पोट पुढे येतं, की हवा आत. त्या वेळी पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंनी चारी बाजूंनी धरून ठेवलं, तर धड भरल्या पोत्यासारखं घट्ट होतं आणि कण्याला आधार मिळतो. मी म्हटलं, अहो, हेच आमच्या गाण्याच्या बाईंनी पन्नास वर्षांपूर्वी शिकवलं, तेही प्लॅस्टिकशिवाय, कमरेवर हातपंख्याचे फटके मारून! (तुझ्या पाठीवर कमी बसले, माझ्या जास्त. असो.) मग मी म्हटलं की श्वासानं कण्याला आधार मिळतो, तर गाणं हेच माझं औषध झालं. त्यावर तो लाल झाला आणि त्यानं लिहून दिलं: तीन महिने ताठ कमरपट्टा, ओझं नाही, जोर लावून गाणं नाही. वादात हरला की माणूस असंच लिहून देतो.

घरी आले तर पुढचं संकट शिजत होतं. अक्षरशः शिजत होतं. सूनबाई, म्हणजे आपली चिहारू, मनानं फार चांगली. सासू अंथरुणातून उठली म्हणून तिनं अझुकीचे लाल दाणे घालून शुभाचा लाल भात केला. मी दोन वाट्या खाल्ल्या. दाणे जरा चिवट लागले, पण कौतुकानं केलेल्या भाताला नावं ठेवायची नसतात म्हणून गिळले. नंतर विचारलं, एवढ्या अझुकी कुठून आणल्यास? तर म्हणाली, तुमच्या कपाटातल्या पिशवीत होत्या, तीनदा भिजवाव्या लागल्या. ताई, ती माझी पोटावरची पिशवी! गाताना पट्ट्याच्या वर, किमोनोच्या आत खोचायची, बाईंनी स्वतःच्या हातानं भरून दिलेली, एकतीस वर्षं माझा घाम प्यालेली. तिच्या वजनावर पोट टेकवून मी अख्खी कथा गाते आणि या बाईनं ती तीळ-मीठ घालून वाढली! चिहारू रडायला लागली. मीच तिची समजूत काढली, की अगं, इतकी वर्षं पोटाबाहेर होती, आता आत गेली, वजन तेवढंच. (दोन दिवस पोटात गुडगुड होत होती, ते तिला सांगितलं नाही.)

यापेक्षा मोठा घाव कुमागाए-सानांनी घातला. एकोणऐंशी वर्षांचे आपले बाहुलीवाले. देवळाच्या उत्सवात बाहुल्यांचा खेळ होणार, पण मला गाऊ देणार नाहीत. माझ्याऐवजी माझीच वीस वर्षांपूर्वीची टेप लावणार! वर गोड आवाजात म्हणतात, "मासुए-सान, वाईट कशाला वाटून घ्यायचं? टेपमध्येही तुम्हीच गाताय की."

मी म्हटलं, "ती सत्तेचाळीस वर्षांची बाई आहे. तुमचा खांदा दुखतो, हे तिला कुठं माहीत आहे?"

आणि तालमीत तसंच झालं. बाहुलीवाला हात उचलतो तो गाणारणीचा श्वास ऐकून. मी दम घेताना त्यांच्या खांद्याकडे बघून घेते, हे त्यांना आजवर कळलंच नव्हतं. टेप कुणासाठी थांबते? कथेतल्या बुडालेल्या मुलाची चिठ्ठी आई झालेली बाहुली अजून उलगडतेच आहे, आणि टेपमधली मी तिकडे हंबरडा फोडून मोकळी! आई बिचारी न वाचताच रडायला लागली. कुमागाए-सान घामाघूम झाले. मी मागच्या रांगेत कमरपट्ट्यात ताठ बसून होते आणि खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

तेव्हा ठरलं आहे. मी गाणार. डॉक्टरांपुढे जाऊन बसले, उठतच नाही म्हटलं. शेवटी त्यांनी वीस मिनिटांची परवानगी दिली, पट्टा बांधून, आणि आईचा शेवटचा मोठा विलाप वगळून. मी मान हलवली. मानेचे सातही मणके शाबूत आहेत, हलवायला काय जातं? विलाप वगळून ती कथा म्हणायची म्हणजे लग्नाला जाऊन नवरीला न बघता परतायचं. मी सगळं गाणार, विलापासकट. कण्याचे बाकी सगळे मणके माझ्या बाजूचे आहेत, एकट्या फितुराचं काय ऐकायचं? भावजींना नमस्कार.

तुझी धाकटी,
मासुए

ता. क. कालपासून दार लावून विलाप म्हणून बघतेय. एका श्वासातला आहे, तुला ठाऊकच आहे. माझा निम्म्यावर तुटतो. पट्ट्याचा दोष म्हणावा तर पट्टा काढूनही तुटला. हे घरात कुणाला माहीत नाही, चिहारूलासुद्धा नाही.

ता. क. दुसरा. भावजी म्हणत होते की तू न्हाणीत अजून तो विलाप म्हणतेस आणि मधे श्वास घेत नाहीस. ताई, तुझं लग्न ठरलं तेव्हा बाईंनी माझ्याजवळ निरोप दिला होता: "कोतोएला सांग, गाणं सोडू नकोस. हा विलाप तिचा आहे." मी तुला येऊन सांगितलं की बाई म्हणाल्या, आता संसारात लक्ष घाल. तू घातलंस. मी अठरा वर्षांची होते आणि मला तो विलाप हवा होता.

ता. क. तिसरा. खेळ रविवारी दुपारी आहे, सकाळच्या बसनं ये. माझ्या शेजारी तुझं आसन मांडलं आहे. विलाप तू म्हण. मला शिव्या घालायच्या असतील तर खेळ संपल्यावर घाल, त्याआधी श्वास वाया घालवू नकोस.