आमच्या घराची किंमत

निपाणी, ता. ४ मे १९३६, सोमवार.
निश्चय झाला. तंबाखूवाल्या मल्लाप्पा सावकाराकडे घर गहाण टाकून पूर्वी दोन हजार घेतलेले, त्यावर शेकडा बारा व्याज. सहकारी बँक साडेसाताने देते. गहाण तिकडे हलवायचे. पण सेक्रेटरी म्हणतो, आधी घराचे व्हॅल्युएशन. फी पंधरा रुपये, आगाऊ. कर्ज नाही झाले तरी परत नाही. मी म्हणालो, ज्याचे घर त्यालाच किंमत ठाऊक : चार हजार. तो हसला. फी देणार नाही. त्रिवार नाही.

ता. ७.
बँकेस चार पानी पत्र. भाषा प्रासादिक उतरली आहे.

ता. ९.
उत्तर एका ओळीचे. फी भरली. हा पराभव नव्हे.
मल्लाप्पाला बजावून आलो, गहाणखत काढून ठेव. म्हणाला, "कागद कुठं पळून जातोय व्हय, मास्तर? बसा, च्या घ्या." बाणेदारपणे घेतला नाही. तल्लफ होती.

ता. १३.
दर्शनी भिंतीला चुना. चार रुपये. शेजारच्या भरमूच्या दोन खुर्च्या मागून आणल्या. ही म्हणाली, मोजायचंय घर का खुर्च्या? बायकांना इम्प्रेशन कळत नाही.

ता. १६, सकाळी ९.
मारुतीराव ओव्हरसियर आले. नोकरी म्युनिसिपालिटीत, बँकेची मोजणीही तेच करतात. खानापुरी सागवानाचे वासे दाखवले, विहिरीचे पाणी पाजले. दर वेळी खिशातला एक कागद काढून पाहत आणि विचारीत, पश्चिमेची भिंत पडायला आली आहे ना? मी म्हणालो, हत्ती धडकवा. जाताना माझ्या अक्षराची स्तुती केली. कुठे पाहिले कोण जाणे. कीर्ती पसरते.

ता. २१.
किंमत नऊशे! कर्ज नामंजूर. तडक मारुतीरावांकडे. त्यांनी तो कागद पुढे ठेवला. घरपट्टी कमी करावी म्हणून गेल्या साली मीच केलेला अर्ज : भिंत आज पडेल की उद्या, छप्पर केवळ ईश्वरी कृपेने तरले आहे, विहिरीचे पाणी ढोरही पीत नाही, किंमत नऊशेवर नाही. घरपट्टी दोन रुपयांनी उतरली होती.
मारुतीराव शांतपणे म्हणाले, "चार हजार असंल तर तसं लिहून द्या, गुरुजी. घरपट्टी बी त्यावरच बसवतो."
लिहून दिले नाही. अर्ज पुन्हा वाचला. एकही शब्द बदलावासा वाटला नाही.

ता. २३.
मल्लाप्पाकडे बातमी आधीच पोचलेली. "नऊशेच्या घरावर दोन हजार दिलो व्हय मी? मग आता शेकडा चौदा, मास्तर." मी स्पष्ट सांगितले, नव्या कागदाचा मजकूर माझाच असेल. मान्य करावे लागले त्याला. तिथेच बसून लिहून दिला. लिहिणावळीचे आठ आणे वाचले.
चहा घेतला. साखर कमी होती.