गाडीचा शेवटचा दसरा

दसरा, २००३. दुबई.

थकलो आज या गाडीपायी. माझी सत्तर सालची अमेरिकन गाडी उद्या अबू धाबीजवळच्या खलिफा सिटीचा एक अरब विकत घेऊन जाणार. शेवटची पूजा म्हणून मीनलने पुढच्या जाळीवर झेंडूचा भरगच्च हार बांधला. गावातल्याच ऊद मेथा भागात पोचायच्या आतच तापमानाचा काटा लालवर! रेडिएटरला वाराच मिळेना, दुसरं काय.

"बाबा, नॉट अगेन!" मागून लेक. मी वैतागून गाडी कडेला घेतली आणि हार तोडून टाकला. इतकी वर्षं गाडीला सवत म्हणणारी मीनल रस्त्याच्या कडेला फुलं वेचत बसली. का? काटा हळूहळू उतरला.

गाडीत बसताना म्हणाली, "त्या अरबाला सांगा, हिला हार बॉनेटवर घालायचा. जाळीवर नको."

तो कसला हार घालतोय! पण 'सांगतो' म्हणालो.