साडेतीन इंच

६ ऑक्टोबर
खोली साडेतीन इंच कमी! ओळंबा जेवायला गेला तेव्हा गच्चीवर जाऊन मोजली. दोनदा. करारात लांबी बारा फूट – भरली अकरा फूट साडेआठ इंच. कोणाला फसवतोय हा? तीस वर्षं लोकांच्या पोटाची मापं घेतलेल्या शिंप्याला?

ओळंबा म्हणजे आमचा कंत्राटदार. हातात सदा ओळंबा लोंबत असतो आणि बोलणंही तसंच, सरळ खाली पडणारं. नाव मी ठेवलं. तोंडावर म्हणायची हिंमत नाही, म्हणून इथे.

७ ऑक्टोबर
त्याला सांगितलं. त्याने थापी खाली ठेवली, माझ्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, आधी ती टेप तपासा."

टेप तपासा म्हणे! दुकान थाटलं त्या दिवशी घेतलेली टेप. घरात तिला कोणी हात लावायचा नाही हा नियम, आणि आजवर तो कोणी मोडलेला नाही. माझं डोकंच फिरलं. "चोर आहात तुम्ही," म्हणालो. त्याच्या चार माणसांसमोर. आवाज चढला असावा, कारण खाली ट्रायलला आलेलं गिऱ्हाईक एका बाहीच्या कोटात जिन्यापर्यंत आलं.

ओळंब्याने सामान आवरलं, माणसं घेतली. "चोराकडून घर बांधून घेऊ नये," एवढं म्हणाला आणि गेला.

संध्याकाळपर्यंत मला वाटत होतं, मी जिंकलो.

८ ऑक्टोबर
भिंती आहेत, छप्पर नाही. पत्रे जिन्यात उभे आहेत. येता-जाता माझ्या कोपराला लागतात. बायको बोलत नाही. म्हणजे "भाजी वाढू का" इतपत बोलते.

१० ऑक्टोबर
पोरीचा फोन. इथल्या हॉस्पिटलात बदली पक्की झाली, अठ्ठावीसला येतेय. "पण बाबा, ते क्वार्टर देतायत. पंधरापर्यंत हो की नाही सांगायचंय. खोली होतेय ना?"

"झालीच समज," मी म्हणालो. बायको समोर भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. इतकं ठरवून न बघणं मी या घरात पहिल्यांदा पाहिलं.

सात वर्षं झाली पोरगी बाहेर आहे. आधी नर्सिंगचं होस्टेल, मग परक्या शहरात भाड्याची खोली. एकदा क्वार्टर घेतली की ती तिथलीच. रविवारी येईल, चहा घेईल, घड्याळ बघेल. मला ती घरात हवी आहे. खाली मशीनवर बसल्यावर वर तिची पावलं वाजावीत – त्यासाठीच तर खोली काढली. हे फोनवर बोलायला काय हरकत होती? मी म्हणालो, "पाण्याची टाकी अगदी जवळ आहे. सोय होईल." गाढव!

११ ऑक्टोबर
दोन कंत्राटदारांना विचारलं. दोघेही म्हणाले, दुसऱ्याच्या अर्धवट कामाला हात लावत नाही. दुसऱ्याने तर विचारलं, "तो सोडून का गेला?" मी विषय बदलला.

१२ ऑक्टोबर
तक्रार अर्ज लिहिला. पाच पानं. 'विश्वासघात' हा शब्द तीनदा आलाय. बायकोने सगळा वाचला. म्हणाली, "अक्षर छान आहे."

पुरावा असा भक्कम हवा की ओळंबा तोंड उघडणार नाही. म्हणून उद्या दुसऱ्या टेपनेही मोजतो. बायकोने दोन वर्षांपूर्वी एक नवी आणली होती. तेव्हा मी खेकसलो होतो, "जुनीला काय धाड भरलीय?" तिने ती ड्रॉवरमध्ये टाकली. अजून पाकिटासकट तिथेच आहे.

१३ ऑक्टोबर
बारा फूट. बरोबर बारा.

मग दोन्ही टेपा कटिंगच्या टेबलावर शेजारी शेजारी लावल्या. नवीचे साठ इंच संपले, तिथून जुनीचे साठ आणखी दीड इंच पुढे! ताणलीय सटवी. तिचा प्रत्येक इंच फुगलाय, म्हणून मोजेल ते कमी भरतं.

आजवर एकही कपडा बिघडला नाही, कारण अंगही तिनेच मोजलं आणि कापडही तिनेच. पण कापडवाला! वीस वर्षं त्याच्याशी भांडतोय, "कापड कमी दिलंस" म्हणून. बिचारा दर खेपेला वीतभर जास्त फाडतो आणि हात जोडतो. मला वाटायचं, धाकात आहे.

बायकोला दाखवलं. "अस्सं," म्हणाली आणि आत गेली. खांदे हलत होते. रडतेय की काय म्हणून मागोमाग गेलो. पदर तोंडात कोंबून हसत होती.

अर्ज फाडला. पाचही पानं.

१४ ऑक्टोबर
ओळंबा दोन गल्ल्या पलीकडे एका कामावर आहे. परांचीवर उभा होता. खालून हाक मारली.

"काय मास्तर, आज किती इंच?" त्याची माणसं हसली.

"टेप ताणलीय," मी म्हणालो.

"ऐकू नाही आलं." आलं होतं.

मी पुन्हा म्हणालो, मोठ्याने. चोर म्हणालो ते चूक, यांच्यासमोर म्हणालो म्हणून यांच्यासमोर सांगतो, असंही म्हणालो. तो खाली उतरला. म्हणाला, "मापाचं मला काही वाटलं नाही. मापं चुकतात. पण चोर मला आजवर कोणी म्हणालं नव्हतं. दोन दिवस घास उतरला नाही." मान खाली घालून उभा राहिलो. लाज वाटली. खरंच वाटली.

मग त्याने टेप मागितली, बोटांत धरून पाहिली. "नुसत्या वापराने एवढी ताणली जात नाही ही. कोणीतरी चांगली ओढलीय."

"शक्यच नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे हिला कोणी हात लावत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, मी पुन्हा भांडायला लागलोय.

"उद्या येतो," म्हणाला. "ही मात्र गच्चीवर आणायची नाही."

१५ ऑक्टोबर
पोरीला फोन. क्वार्टर नको म्हणून कळव, सांगितलं. "छप्पर बसलं का पण?" तिचा विश्वास नाही, आणि का असावा? फोन गच्चीवर नेला, पत्र्यावरची ठोकाठोक ऐकवली. मग म्हणालो, "तू घरात हवीस." मधेच हातोडा पडला. ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. पुन्हा म्हणायचं धाडस झालं नाही.

२१ ऑक्टोबर
दार बसलं. मोजलं नाही. हात शिवशिवत होते.

२८ ऑक्टोबर
पोरगी आली. बॅग दारात टाकून आधी दुकानात शिरली. जुनी टेप खिळ्याला टांगली होती. "अय्या, ही अजून आहे? आई, आठवतं? एक टोक खिडकीच्या गजाला, एक तुझ्या हातात. बाबा कापड आणायला गेले की माझ्या उड्या! पायात अडकायची, आणि तू सोडायची नाहीस."

बायको म्हणाली, "मी चहा टाकते."

आता पोरगी वर सामान लावतेय. पावलं वाजतायत. मी जुनी टेप पुन्हा गळ्यात घातली आहे. गिऱ्हाइकांसाठी नवी आहे.